हितसंबंध नसलेली लेक

म्हातारपण ही इतकी गंभीर बाब आहे, की ती घरच्या माणसांवर सोडून चालत नाही. घरची माणसं मायेने करतात, आणि मायेने केलेल्या कामाची कुठे नोंद राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच आमचं ज्येष्ठ गृहसेवा केंद्र स्थापन झालं. मी तिथे नोंदणी विभागात असतो. लोकांच्या घरात काय चालतं ते मला कागदावरून कळतं. कागदावर नसलेलं काही चालत असेल, तर ते नियमबाह्य असतं.

घड्याळजीचं प्रकरण असंच कागदावरून माझ्यापर्यंत आलं.

हा माणूस चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करत बसला. आता वय चौऱ्याऐंशी, हात थरथरतात, डावा गुडघा वळत नाही. थोरली लेक नऊ वर्षं त्याचं सगळं करत होती. धाकटा मुलगा विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहतो. त्याने तिकडूनच आमची जाहिरात पाहिली आणि वडिलांचं नाव नोंदवलं. नाव नोंदलं, की घराची पाहणी होते. आमच्या पाहणी अधिकारी बाई दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी थोरलीला शंभरपैकी एकतीस गुण दिले.

कपात रास्त होती. आंघोळ घालताना ती वडिलांशी भांडते (वजा दहा). चहा बशीत ओतून, फुंकर मारून देते (वजा आठ, आरोग्याच्या कारणास्तव). वडील तिला "अगदी मूर्ख आहेस" म्हणाले तेव्हा ती हसली (वजा पंधरा, लाभार्थीच्या आक्रमक वर्तनास उत्तेजन). उरलेले छत्तीस गुण नोंदवही नसल्याबद्दल.

मुलाने फोन केला. "ताई, तू करतेस ते चांगलंच आहे गं. पण शास्त्रशुद्ध नाही."

"अरे, नऊ वर्षं करतेय मी."

"तेच म्हणतोय. नऊ वर्षं चुकीचं."

नोंदणी झालेल्या घरात अप्रशिक्षित व्यक्तीने सेवा देणं आमच्या नियमात बसत नाही. थोरलीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मग मीच शिकते की." दुसऱ्या दिवशी तिने प्रवेशअर्ज भरला. शेजारणीला वडिलांजवळ बसवून ती पंचेचाळीस दिवसांच्या अभ्यासक्रमाला येऊ लागली.

आमचं प्रशिक्षण नावाजलेलं आहे. प्रात्यक्षिकासाठी एक रबरी पुतळा आहे, त्याला सगळे काका म्हणतात. काकांना कुशीवर वळवलं की ते वळतात, भरवायला गेलं की तोंड उघडंच असतं, आणि स्थापनेपासून आजवर त्यांची एकही तक्रार नाही. ज्येष्ठांनी कसं असावं हे काकांकडे पाहून कळतं. संभाषणासाठी चाळीस मंजूर वाक्यं आहेत. त्यांत "अरे वा" आणि "असं का" कितीही वेळा चालतात. "मग पुढे काय झालं?" हे मात्र दिवसातून एकदाच वापरायचं. जास्त वापरलं, तर लाभार्थी पुढे काय झालं ते सांगतो.

तोंडी परीक्षेत थोरलीला विचारलं, "लाभार्थी तोच किस्सा सातव्यांदा सांगू लागला, तर काय कराल?"

ती म्हणाली, "नीट ऐकेन. सहाव्यांदा त्यांना सगळी नावं आठवत होती. सातव्यांदा एखादं विसरले, तर डॉक्टरांना सांगायला हवं."

हे उत्तर चूक होतं. अचूक उत्तर होतं, 'लाभार्थीचं लक्ष अन्यत्र वळवणे'. त्यामुळे ती दुसरी आली. पहिली आली ती चष्मेवाली. ही पूर्वी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. तिची आई निवृत्त मुख्याध्यापिका, वय एक्याऐंशी, अंथरुणाला खिळलेली. ही बाईसुद्धा घरच्याच आईसाठी शिकायला आली होती. दोघींची पंचेचाळीस दिवसांत चांगली गट्टी जमली.

पदवीदान झालं, फोटो निघाले, आणि नेमणुकांचे आदेश आले. नियम चौदा असा आहे, की सेविकेची नेमणूक स्वतःच्या नातेवाइकाकडे करता येत नाही. तिथे तिचे हितसंबंध गुंतलेले असतात. तेव्हा थोरलीला मुख्याध्यापिकेकडे पाठवण्यात आलं आणि चष्मेवालीला घड्याळजीकडे. दोन घरं, दोन सेविका, कुठेही हितसंबंध नाही. मांडणी इतकी नेटकी होती, की मी त्या आदेशाची एक प्रत स्वतःकडे ठेवली आहे.

अर्ध्या वाटेत बस बदलायला दोघी रोज सकाळी एकाच रस्त्यावरच्या समोरासमोरच्या बसथांब्यांवर उभ्या असायच्या. एक हिच्या घराकडे निघालेली, दुसरी तिच्या. मधून गाड्या जात असताना त्या एकमेकींना ओरडून सांगत. "अप्पांना चहा बशीत दे गं, कप ओठाला भाजतो!" "आईला बाईच म्हण, नाहीतर ती उत्तर देत नाही!"

(ही माहितीची अनधिकृत देवाणघेवाण आहे. दोघींना एकेक समज देण्यात आली.)

परिणाम मात्र थक्क करणारे होते. घड्याळजीच्या घरचा समाधान निर्देशांक पहिल्याच पंधरवड्यात अठ्ठ्याण्णवावर गेला. लाभार्थी वेळेवर जेवतो. गुडघा वळवतो. अंगणात दोनशे पावलं चालतो. तक्रारी: शून्य. मुख्याध्यापिकेकडेही शून्य. मुलाने तिकडून आम्हाला आभाराचं पत्र पाठवलं. ते आम्ही चौकट करून भिंतीवर लावलं.

थोरलीला ते आकडे पाहून जरा लागलंच. संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं, "नऊ वर्षं मला सांगत होतात, गुडघा वळत नाही. तिच्यासमोर बरा वळतो?"

"वळत नाही गं. ठणकतो. पण परक्या बाईपुढे कसं म्हणायचं? ती बिचारी वळवते, मी दात आवळून वळू देतो."

"आणि आंघोळीचं पाणी?"

"गार असतं."

"मग सांगायचं ना तिला!"

"लाज वाटते," घड्याळजी म्हणाला. "ओरडायला आपलं माणूस लागतं."

नियमाप्रमाणे थोरलीला ड्यूटीबाहेर सेवा देता येत नव्हती. त्यामुळे ती नुसती जवळ बसायची आणि तो दिवसभराची साठलेली कुरकुर तिच्यापुढे रिकामी करायचा. हे काही दिवस चाललं. मग एके संध्याकाळी बसला उशीर झाला, आणि ती आमचा निळा अंगरखा न बदलता तशीच खोलीत शिरली. घड्याळजी डुलकी घेत होता. त्याला जाग आली, निळा रंग दिसला. तो घाईघाईने सावरून बसला, हात जोडले आणि म्हणाला, "या बाई. फार त्रास देतोय तुम्हाला."

थोरली तिथेच दारात उभी राहिली. "अप्पा, मी आहे," ती म्हणाली. त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावरसुद्धा त्या संध्याकाळी त्याने एकही कुरकुर केली नाही. पाणी गार होतं का, असं तिने स्वतःहून विचारलं. "नाही, छान होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बस सोडून दिली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर गेली. चष्मेवालीला सगळं सांगितलं.

चष्मेवाली चष्मा पुसत म्हणाली, "माझी आई परवा मला 'धन्यवाद' म्हणाली. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा."

"मग?"

"मग काय. न्हाणीघरात जाऊन रडले."

समोर आलेली बस दोघींनी जाऊ दिली. मग त्यांनी एकमेकींची ओळखपत्रं बदलली आणि आपापल्या घरी परत गेल्या.

इथे तांत्रिक बाजू समजून घ्यायला हवी. आमचं यंत्र दाराशी बसवलेलं असतं. सेविकेने त्यावर ओळखपत्र टेकवलं की हजेरी लागते. यंत्र ओळखपत्र पाहतं, तोंड पाहत नाही. (हा दोष नाही. तोंड कुठलंही असलं तरी सेवा सारखीच असावी, हे आमचं ध्येयवाक्य आहे.) त्या दिवसापासून कागदोपत्री चष्मेवाली घड्याळजीकडे होती आणि थोरली मुख्याध्यापिकेकडे. प्रत्यक्षात प्रत्येक लेक आपापल्या घरी होती.

अहवाल दोघी प्रामाणिकपणे भरत. तिथेच घात झाला. घड्याळजीच्या तक्रारी पहिल्या दिवशी तीन, आठवड्याभरात रोजच्या चौदा. पाणी गार. भात मऊ. उशी उंच. खिडकी उघडी का, खिडकी बंद का. मुख्याध्यापिकेने तर लेकीचा अहवाल लाल शाईने शुद्धलेखन तपासून परत दिला. निर्देशांक अठ्ठ्याण्णवावरून एकेचाळीसवर आला.

मुलाचा घाबराघुबरा फोन आला. "ताई, ती बाई अप्पांचे हाल करतेय असं दिसतंय!"

"भूक वाढलीय त्यांची," थोरली म्हणाली. "रात्रीची झोपही लागते."

"पण चौदा तक्रारी!"

"हो ना," ती म्हणाली, आणि मुलाला तिचा आवाज खुशीत असल्यासारखा वाटला. त्याने तसं आम्हाला लेखी कळवलं.

पाहणी अधिकारी बाई न कळवता जाऊन धडकल्या. थोरली वडिलांची नखं कापत होती. गळ्यात चष्मेवालीचं ओळखपत्र, त्यावर चष्मेवालीचा फोटो.

"आजोबा, या कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा चष्मा सापडत नाही म्हणून मला दिसत नाही," घड्याळजी म्हणाला. "तुमच्या डोळ्यांवर तर आहे, तुम्हीच बघा."

"तुम्ही सांगा. यांच्याविषयी काही तक्रार?"

"आहे की! बसा. लिहून घ्या." आणि त्याने पंचवीस मिनिटं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. शेवटी दम लागून तो म्हणाला, "एवढं ऐकूनही रोज तीच करते सगळं. लेक आहे माझी."

हे शेवटचं वाक्य कबुलीजबाब म्हणून नोंदवण्यात आलं. त्यावरूनच आरोप शाबीत झाला. दोघींची प्रमाणपत्रं रद्द झाली आणि दोन्ही घरं आमच्या यादीतून काढून टाकण्यात आली.

दाराचं यंत्र परत आणायला मी गेलो होतो. आत घड्याळजी मोठ्याने भांडत होता, थोरली तितक्याच मोठ्याने उत्तर देत होती, आणि मधेच दोघं हसली. मी घंटी न वाजवता स्क्रू काढले. अहवाल येत नाहीत म्हणून मुलाने आता स्वतः फोन करायला सुरुवात केली आहे, असं समजतं. पहिल्याच फोनवर त्याला सतरा मिनिटं बोलणी खावी लागली. या घराचं पुढे काय झालं, हे सांगायला माझ्याकडे कागद नाही.

केंद्राने या प्रकरणातून बोध घेतला. दोष नातेवाइकांत आहे, हे एकदा स्पष्ट झाल्यावर आम्ही नवी सेवा सुरू केली: प्रशिक्षित अपत्य. रविवारी तासभर आमचा मुलगा किंवा मुलगी घरी येते, शेजारी बसते, तब्येत विचारते आणि घड्याळाकडे पाहत नाही. (यासाठी वेगळं सहा दिवसांचं प्रशिक्षण लागतं.) प्रतिसाद अपेक्षेबाहेर आहे. पहिल्या महिन्यातच तीनशे बारा अर्ज आले. बहुतेक मुलांनी केलेले आहेत, पण एकोणीस अर्ज आईवडिलांनी स्वतःहून भरले आहेत.

कालपासून मी ते एकोणीस पाहतोय. त्यांत एक तुमच्या आईचा आहे. अक्षर जरा हललंय, पण वाचता येतं. 'मुलं आहेत का?' समोर 'आहेत', आणि पुढे तुमचं नाव लिहिलंय, पूर्ण, आडनावासकट. त्याखाली 'मुलांविषयी काही तक्रार?' असा रकाना आहे. तिथे तिने लिहिलंय, 'काही नाही. फार चांगली आहेत.'