पूल अस्तित्वात असल्याने

गावाला नदी होती आणि पूल नव्हता. यात तसं विशेष काही नाही. अशी गावं पुष्कळ असतात आणि त्यांचे अर्जही पुष्कळ असतात. चष्मेवाल्यांचा अर्ज मात्र निव्वळ घरगुती कारणासाठी होता. त्यांचं चष्म्यांचं दुकान, घर आणि आई अलीकडच्या काठावर, तर आईची सख्खी धाकटी बहीण पलीकडच्या काठावर. दोघींची दारं एकमेकींना दिसत. मधे नदी, आणि नदीत नावाड्याची एकुलती एक होडी. तिच्यात बसायचं तर आधी गुडघाभर चिखलात उतरायचं आणि मग पाय कमरेइतका वर उचलायचा. आईच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. मावशीला पाण्याची भीती. ती भरलेल्या बादलीकडेसुद्धा जरा लांबूनच बघायची.

म्हणून दोघी बहिणी रोज संध्याकाळी आपापल्या काठावर उभ्या राहून गप्पा मारत. पोटाच्या तक्रारी, सुनांच्या तक्रारी, शेजारणीचं काय चाललंय ते, सगळं पाण्यावरून मोठ्या आवाजात जाई-येई आणि कपडे धुणारी माणसं हात थांबवून ऐकत. चष्मेवाले लहानपणी अंथरूण कोणत्या इयत्तेपर्यंत ओलं करत होते, हे दोन्ही काठांना असंच कळलं होतं. त्यांनी तेही गिळलं. पण अलीकडे मावशीला ऐकू येईनासं झालं. आई घसा फोडून ओरडायची आणि मावशी पलीकडून नुसता हात हलवायची. एके दिवशी आई काठावरून लवकरच परत आली.

"आता नुसता हात हलवते रे ती," आई म्हणाली. "मला एकदा तिच्या शेजारी जाऊन बसायचंय. कानात बोलायचंय. एवढं कर बाबा माझं."

आई मुलाकडे काही मागायची तेव्हा सुरुवात टोमण्याने होत असे. या वेळी टोमणा नव्हता. चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी पूल विभागाकडे अर्ज केला.

उत्तर आश्चर्यकारक वेगाने आलं. 'आपल्या गावी पूल अस्तित्वात असल्याने दुसऱ्या पुलाची आवश्यकता दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग काठावर जाऊन नदीही पुन्हा पाहिली. मग होडीत बसून, चिखलाने भरलेल्या पायांनी शहरातलं कार्यालय गाठलं. पूल विभागाच्या प्रमुखांना सगळे पूलसाहेब म्हणत. साहेबांनी खुर्ची दिली, पायांकडे पाहून ती जरा मागे सरकवायला सांगितली.

"साहेब, आमच्याकडे पूल नाहीये हो."

"असं कसं? मी स्वतः पाहिलाय. दगडी आहे. दोन्ही बाजूंना दिवे. मधोमध थोडा वर उचललेला."

"कुठे पाहिलात?"

"कुठे म्हणजे काय? रोज बघतो. आठ वाजता. आमची ही त्या वेळात मला जेवायलासुद्धा वाढत नाही."

आता खुलासा करणं भाग आहे. त्या दिवसांत टीव्हीवर एक मालिका धो धो चालत होती. तिच्या लेखकाने मनानेच एक गाव रचलं होतं आणि नकाशात असं कुठे गाव आहे का, हे न बघता त्याला एक गोड नाव दिलं होतं. तेच नेमकं चष्मेवाल्यांच्या गावाचं नाव. ते नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. घेतलं की तुमच्या डोळ्यांपुढे मालिकेतलंच गाव उभं राहील आणि मग ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ उरणार नाही.

"साहेब, ते मालिकेतलं गाव. ते खोटं. आमचं खरं."

साहेबांनी त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "आपलं गाव खरंच आहे असं सगळ्यांनाच वाटतं हो. वाटण्यावर कार्यालय चालत नाही. गाव खरं असल्याचा काही दाखला आहे का?"

"मी तिथे राहतो."

"तो रहिवासाचा दाखला झाला. मी गावाच्या खरेपणाबद्दल विचारतोय." साहेबांनी घंटी वाजवली. "पडताळणी लावू या. शंका नको."

पडताळणी अधिकारी आले ते होडीतूनच. उतरताना त्यांचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. त्यांच्या हातात गावाचे फोटो होते. कार्यालयातले गावाचे जुने फोटो वाळवीने खाल्ले होते, म्हणून फाइलमध्ये मालिकेतले नवे, स्वच्छ, रंगीत फोटो लावले होते. त्यांच्याशी गाव ताडून बघणं एवढंच त्यांचं काम.

"चौकातलं कारंजं कुठाय?"

"नाही. हातपंप आहे. तो पण कधी कधी उडतो."

"गोल जिन्याचा पांढरा बंगला?"

"नाही."

"गावात कुणी कुणाला चारचौघांत थोबाडीत मारतं?"

"मारतात कधीमधी," चष्मेवाल्यांना जरा आशा वाटली.

"मारल्यावर बाकीचे सगळे जागच्या जागी उभे राहून आळीपाळीने आ वासतात?"

"नाही हो. मधे पडतात आणि सोडवतात."

अधिकाऱ्यांनी खेदाने फुली मारली. चष्मेवाल्यांचा धीर सुटत चालला. "साहेब, तुम्ही आत्ता होडीतून आलात. तुमचा बूट गेला. पूल असता तर गेला असता का?"

"मी कसा आलो हा माझ्या प्रवासभत्त्याचा विषय आहे," अधिकारी एका पायावर तोल सावरत म्हणाले. "अहवालाचा नाही."

अहवाल निघाला. 'प्रस्तुत गाव मूळ गावाशी कोणत्याही बाबतीत जुळत नाही. नावाच्या सारखेपणाचा लाभ घेऊन मूळ गावाच्या सुविधांवर हक्क सांगण्याचा हा प्रयत्न दिसतो.' शिक्षा मात्र सौम्य होती. लोकांची फसगत होऊ नये म्हणून गावाच्या पाटीवर नावाखाली 'हे ते नव्हे' अशी ओळ ठळक अक्षरांत रंगवायची होती. ती चष्मेवाल्यांनीच रंगवली, कारण गावात त्यांचंच अक्षर सुबक होतं.

इकडे आईने काठावर जाणं सोडून दिलं. मावशी पलीकडे येऊन उभी राहायची, थोडा वेळ हात हलवायची आणि निघून जायची. आई खिडकीतून ते बघायची आणि खिडकी लावून घ्यायची. घरात ती कुणाशी भांडेनाशी झाली, तेव्हा चष्मेवाले खरोखर घाबरले.

"एवढं काय डोकं धरून बसलात?" होडी पाण्यात लोटता लोटता नावाडी म्हणाला. "त्यांच्या लेखी पूल आहे ना? मग आहे तो पाडा की!"

नावाडी थट्टाच करत होता. पूल होऊ नये अशीच त्याची मनापासून इच्छा होती. पण चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ते तडक मालिकेच्या लेखकाकडे जाऊन धडकले. लेखक कागद नाकाला लावून लिहीत बसला होता. चष्मेवाल्यांनी सवयीने त्याच्या चष्म्याचा नंबर अंदाजाने सांगितला आणि मग येण्याचं कारण सांगितलं.

"पूल पाडू? अहो, दोघांचं अख्खं प्रेम त्या पुलावर उभं आहे."

"आमच्या आईला तिच्या बहिणीच्या शेजारी बसायचंय हो. मधे नदी आहे. मावशीला ऐकू येत नाही." सगळं सांगता सांगता चष्मेवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

लेखकाचेही डोळे भरून आले. त्याने ते टिपले आणि व्यवसायाकडे वळला. "दोन म्हाताऱ्या, मधे नदी. छे, दम नाही त्यात, कोण बघणार? पण पूल पडण्यात दम आहे. पाडू या. नायिकेसकट."

"नायिका कशाला? नुसता पूल पुरे."

"नुसत्या पुलासाठी कोण रडतं हो?"

पूल पडला. ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी, नायिका मधोमध उभी असताना पडला, आणि ती खालच्या पाण्यात दिसेनाशी झाली. देशभर हाहाकार उडाला. दुकानं बंद राहिली, शाळांनी सुट्टी दिली, पूलसाहेबांच्या घरी चूल पेटली नाही. मंत्र्यांनी घटनास्थळाला, म्हणजे चित्रीकरणाच्या आवाराला, भेट दिली आणि पुठ्ठ्याच्या दगडांजवळ उभं राहून दोषींची गय केली जाणार नाही असं बजावलं. चष्मेवाले 'पूल अस्तित्वात नसल्याने' अशी सुरुवात करून नवा अर्ज घेऊन गेले, तेव्हा साहेबांचे डोळे सुजलेले होते.

"अर्ज राहू द्या," साहेब नाक पुसत म्हणाले. "पूल कालच मंजूर झाला. तातडीची बाब म्हणून. दगडी, दोन्ही बाजूंना दिवे."

चष्मेवाले उड्या मारतच घरी आले. आईने कपाटातले ठेवणीतले कपडे बाहेर काढून उन्हात घातले आणि बऱ्याच दिवसांनी मुलाला चार शब्द सुनावले. घर पूर्वपदावर आलं. आता फक्त पूल यायचा होता.

तो आला नाही. तो तिकडे, मालिकेच्या आवारात उभा राहिला. अहवालानुसार मूळ गाव तेच होतं आणि पूल तिथलाच पडला होता, त्यामुळे कार्यालयाच्या बाजूने यात चूक काहीच नव्हती. पुठ्ठ्याची दुकानं, मागे रंगवलेले डोंगर आणि मधे अस्सल दगडी पूल. फक्त काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायच्या वेळी अभियंता अडून बसला. नियमानुसार पुलाखालून पाणी वाहत असलं पाहिजे. इथे खाली निळं प्लास्टिक होतं आणि ते हलावं म्हणून एक माणूस पंखा धरून बसला होता. सरकारी पूल असा प्लास्टिकवर उभा ठेवता येत नव्हता. तेव्हा नदी आणणं क्रमप्राप्त झालं. सर्वांत जवळची नदी कुठली, ते तुम्हाला कळलंच असेल.

'हे ते नव्हे' या गावाची नदी मूळ गावाकडे वर्ग करण्यात येत असल्याचा आदेश निघाला. चष्मेवाले धापा टाकत साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, नदी आमची आहे!"

"म्हणजे काय, तुमचीच. पण तुमच्या पहिल्या अर्जात तुम्ही काय लिहिलंत? 'मधे नदी असल्याने फार गैरसोय होते.' आम्ही गैरसोय दूर केली. आभार नको, कामच आहे आमचं."

"आणि पाणी? आम्ही प्यायचं काय?"

"त्यासाठी वेगळा विभाग आहे," साहेब म्हणाले. "पण ते आधी विचारतील, तुमच्या गावात कारंजं आहे ना म्हणून."

कालवा खणला गेला. एका सकाळी चष्मेवाले दात घासत काठावर गेले तर नदी नव्हती. वाळू होती, दगड होते, आणि पडताळणी अधिकाऱ्यांचा बूट होता. होडी एका कुशीवर कलंडली होती आणि नावाडी सवयीने तिच्यात बसून गिऱ्हाइकांची वाट बघत होता. हातपंपाने तीन-चार वेळा खोकून मान टाकली. दुपारी पूल विभागाचं शेवटचं पत्र आलं. 'आपल्या गावी नदी अस्तित्वात नसल्याने पुलाची मागणी गैरलागू ठरते. प्रकरण समाधानकारकरीत्या बंद.'

संध्याकाळी गाव चौकात जमून हताश झालं. आई तेवढी ठेवणीतले कपडे घालून दारात उभी होती.

"नदी नाही ना आता मधे?" आईने विचारलं. "मग चल. उभा काय राहिलास?"

चष्मेवाल्यांनी दुकानातली खुर्ची घेतली, तीच जिच्यात गिऱ्हाइकं डोळे तपासून घेत. आई तिच्यात बसली. एका बाजूने चष्मेवाल्यांनी खुर्ची उचलली, दुसऱ्या बाजूने नावाड्याने. माणसं पलीकडे पोचवणं हेच आपलं काम, खुर्ची काय नि होडी काय, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. नदीच्या पात्राच्या मधोमध आईने खुर्ची खाली ठेवायला लावली. इकडे आपलं घर, तिकडे बहिणीचं, दोन्ही तिने नीट पाहून घेतली. "एवढंसंच होतं की रे," ती म्हणाली. चष्मेवाल्यांचे दंड भरून आले होते. सगळी हेलपाटे मारायची दगदग या एका क्षणासाठी सार्थकी लागली, असं त्यांना वाटलं.

मावशीचं दार उघडंच होतं. टीव्ही एवढ्या मोठ्याने चालू होता की भिंतीवरचा आरसा थरथरत होता. मावशी पडद्याला नाक लावून बसली होती. खुर्ची तिच्या शेजारी ठेवली. आई पुढे वाकली आणि इतकी वर्षं मनात धरलेलं बोलायला तिने बहिणीच्या कानाशी तोंड नेलं.

"अगं, मी आले."

मावशीने मान न वळवता आईचा हात घट्ट पकडला. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"ताई, थांब जरा. आत्ता कुठे तिला पाण्यातून काढतायत."

पडद्यावर नदी दुथडी भरून वाहत होती. गावाचीच नदी, पण इतकी देखणी ती गावात कधी दिसली नव्हती. आईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"मेली का गं?" तिने बहिणीच्या कानात विचारलं.

"अजून कळलं नाही. श्वास बघतायत."

दोघी बहिणी हातात हात धरून पडद्याकडे बघत बसल्या. नावाडी उंबऱ्यात टेकला. चष्मेवाल्यांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी कोपऱ्यातला माठ हलवून पाहिला, तर तो रिकामा. यावर काहीतरी बोललं पाहिजे, जोरात बोललं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. पण तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी तिच्या नाडीवर हात ठेवला, आणि चष्मेवाल्यांनी माठ खाली ठेवून चष्मा पुसला, म्हणजे नीट दिसावं.

तुम्ही त्यांना हसू नका. एका अख्ख्या गावाची नदी उचलून नेली, तेव्हा तुम्हाला गंमत वाटली. हातपंपाने मान टाकली ते वाक्य तर तुम्ही भरभर वाचून टाकलंत. पण ती पोरगी पुलावरून पडल्यापासून तुमच्या जिभेवर एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळावं म्हणूनच तुम्ही इथवर आलात. वाचली हो ती, वाचली. जा आता, घोटभर पाणी प्या आणि निवांत झोपा.