एका हॉर्सपॉवरमागे किती किलो

तायडेभाऊंच्या वजनकाट्यावर स्कूटरवरून उतरायचं नाही, असा नियम आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीनं उतरू लागलो, तर केबिनमधून हात हलवून त्यांनी मला परत बसवलं. गाडीचं वजन चालकासकट धरायचं असतं म्हणे. मग काट्यावरच्या आकड्याला स्कूटरच्या ताकदीनं भागून त्यांनी निकाल दिला, "एका हॉर्सपॉवरमागं सव्वीस किलो. गाडी बरी हाये सर, पन तुमच्यापायी वर्ग घसरला."

मलकापूरला हायवेलगत हा काटा. कापसाचे ट्रक आधी भरलेले, मग रिकामे, असे मोजण्यात भाऊंची हयात गेली. जीव मात्र अडकलाय मोबाइलवरच्या ड्रॅग रेसमध्ये. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, सरळ रस्त्यावर सोडायच्या, पंधरा-वीस सेकंदांत खेळ खलास. मला त्यात काही राम दिसेना. भाऊ म्हणाले, पळणं सोडा, त्याआधीची वाटणी पाहा. वजन भागिले हॉर्सपॉवर करून जोडीला जोड लावतात, म्हणून कुणाची फजिती होत नाही.

हाच हिशेब ते माणसांनाही लावत. कॉलनीत कुणाकडे नवा जावई आला की त्याला खालीवर न्याहाळून "वर्ग कोनता?" असं विचारत. माझ्या सख्ख्या भाच्याबद्दल त्यांचं मत होतं, बॉडी ट्रकची, इंजिन मोपेडचं. मत चुकीचं नव्हतं, पण ते त्यांनी त्याच्या साखरपुड्यात सांगितलं.

त्यामुळे सव्वीस जानेवारीला कॉलनीनं चालण्याची स्पर्धा ठरवली आणि भाऊ मीटिंगला आले, तेव्हा मी कपाळाला हात लावला. सरसकट स्पर्धा नको, वर्ग पाडा, म्हणून तासभर त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी कंटाळून आम्ही चार वर्ग मान्य केले. चौथ्यात नाव एकच होतं, कमलवहिनींचं.

वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, डावा पाय ओढत चालू लागल्या. बऱ्या झाल्यावर एकदाच संध्याकाळी बायकांसोबत फिरायला गेल्या. बायका चांगल्याच, दर दहा पावलांवर त्यांच्यासाठी थांबल्या. वहिनी घरी आल्या त्या पुन्हा फाटकाबाहेर पडल्या नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मीटिंगमध्ये मी हसत होतो. त्याची आज लाज वाटते.

एकटीला पळवलं तर ती शर्यत कसली, म्हणून भाऊ आठ दिवस गावभर वहिनींच्या जोडीचा माणूस शोधत फिरले. अखेर इंगळेकाका सापडले. निवृत्त पोस्टमन, गुडघा बदललेला, हातात काठी. वहिनी नाहीच म्हणत होत्या. मग काकांनीच निरोप धाडला, बाईमाणसाले भेव वाटत असन त राहू द्या. निरोप ऐकून वहिनींनी चपला मागितल्या.

पाण्याच्या टाकीपासून मारुतीच्या पारापर्यंत जेमतेम शंभर पावलं. दोघं निघाले. कुणी कुणासाठी थांबलं नाही. काकांची काठी खडीत अडकली तेव्हा वहिनी पुढे गेल्या, पारापाशी काकांनी पुन्हा गाठलं आणि दोन पावलांनी जिंकले. वहिनी दम खात पारावर टेकल्या. त्या आता रडतात की काय, म्हणून मी पुढे झालो, तर त्या काकांना ठणकावत होत्या, "उद्या सकाळी सहाले या. तवा पाहू."

भाऊ टाकीपाशीच उभे होते. मी जाऊन म्हटलं, थोडक्यात गेली हो. त्यांनी गमछ्यानं डोळे पुसले. चेहरा फुलला होता.

"जाऊ द्या न सर," ते म्हणाले. "दोन वर्षांनी थे बराबरीच्या मानसासंगं हारली."