मारुती मिस्त्रींची बंद मोटार

मारुती मिस्त्रींच्या मोटारीत चपला घालून बसता येत नसे. त्या दाराशी काढून हातात धरायच्या आणि मगच आत पाय टाकायचा. वर ते बजावत, "अदबीनं बसा, मास्तर. सागवान हाय."

मी तेव्हा भूमच्या शाळेत शिक्षक होतो. मिस्त्री माझे शेजारी, पन्नाशीचे, एकटेच. बैलगाडी बनवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर एका जहागीरदारानं आपली उघडी मोटार मोडीत काढली. मिस्त्रींनी ती बैल जुंपून घरी आणली, सोलापूरच्या फिटरकडून इंजिन चालू करून घेतलं आणि वर लाकडी घरच उभं केलं. छप्पर, दारं, काचेच्या खिडक्या, मागं नक्षीची बैठक. एकट्या बैठकीला सहा महिने लागले. गाव मोटारीला 'कपाट' म्हणे. मिस्त्री शांतपणे म्हणत, "कपाटात धूळ जात न्हाय."

वैशाखातल्या एका दुपारी माझी बायको सुमती बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, "बार्शीला न्या." एसटी संध्याकाळी होती. मी मिस्त्रींकडं धावलो. ते लगेच मोटार घेऊन आले, पण सुमतीला बसवत नव्हतं आणि तिला निजवलेली बाज दारातून आत जाईना. मिस्त्रींनी बाजेकडं एकदा बघितलं. घरातून करवत आणली, मोटारीची मागची भिंत कापली आणि बैठक उखडून अंगणात टाकली.

"मिस्त्री, अहो," मी म्हणालो.

"मास्तर, ते टोक धरा."

वाटभर ते खड्डे चुकवत होते आणि मागं न बघता विचारत होते, "पोरी, ऐकतीस न्हवं?" सुमतीनं हुंकार दिला की मगच वेग धरायचे.

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कपडे आणायला त्यांच्याबरोबर भूमला निघालो. वाटेत एका ओढ्याच्या उतारावर मिस्त्रींनी मोटार थांबवली आणि खाली उतरले. मीही उतरलो.

"आमची कारभारीण, गंगू, इथपातूर बोलत हुती," ते म्हणाले. "बैलगाडीत. बाळंतपणालाच बार्शीला नेत हुतो. म्या नुसते बैल हाकत राह्यलो."

मग त्यांनी विचारलं, "पोरगी लगीच रडली का?"

"रडली."

"मोठ्यानं?"

"सगळ्या दवाखान्यानं ऐकलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.