कापगते भाऊजींची सही

सही करण्याआधी कापगते भाऊजी हात धुतात. नुसत्या पाण्याने नाही, साबण लावून. मग हात टॉवेलला पुसतात, चष्मा चढवतात, खुर्ची टेबलाजवळ ओढतात आणि खिशातलं निळ्या शाईचं पेन रद्दीच्या कागदावर चालवून पाहतात. एवढं झाल्यावर विचारतात, "हं, कुठं मारू?" कागदावर काय लिहिलंय ते मात्र वाचत नाहीत.

सहीसुद्धा साधीसुधी नाही. 'नारायण डोमाजी कापगते' असं पुरं नाव, त्यातल्या 'ग'ला भली मोठी शेपूट, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. फॉर्मवरच्या चौकटीत ती आजवर कधी मावलेली नाही. एकदा माझ्या कुठल्याशा अर्जावर त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, तर ती शेपूट थेट माझ्या फोटोच्या गळ्यापर्यंत आली. मी कुरकुरले तेव्हा म्हणाले, "वहिनी, आपली सही म्हंजे सही! कोनी खोटी करून दाखवावी."

आमचं आणि त्यांचं क्वार्टर एका भिंतीचं. भाऊजी भिलाईच्या स्टील प्लांटात रोलिंग मिलला, आमचे हेही तिथेच, आणि मी सेक्टरातल्या शाळेत मास्तरीण. भाऊजींची बायको जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी सुषमा लग्न होऊन गोंदियाला. घरात माणूस एकटाच, पण दाराशी चपला नेहमी दोन-तीन जोड. कारण असं की, इथे सोसायटीतून कर्ज काढायचं तर नोकरीतले दोन जामीनदार लागतात. एक जामीनदार जो तो कसाबसा शोधतो, साडू म्हणा, साळा म्हणा. दुसरे कापगते. कोणाची मोटरसायकल, कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाचं बोअरिंग, सगळ्यांखाली ती रेघ आणि ती दोन टिंबं. आमचा फ्रिजही त्यांच्याच सहीवर आला आहे, खोटं कशाला बोलू.

मी एकदा म्हटलंही, "भाऊजी, वाचून त पाहत जा. उद्या कोनी तुमचं क्वार्टर लिहून घेतलं त?"

"घेऊ द्या ना. क्वार्टर कुठं माहं आहे? कंपनीचं आहे!" आणि स्वतःच्याच विनोदावर गडगडाट करून हसले.

पण ही क्वार्टरची गोष्ट पुढे हसण्यावारी राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सुषमा आली होती. जाताना आमच्या ओट्यावर बसून सहज बोलून गेली, "काकू, बाबा रिटायर झाले का क्वार्टर सोडा लागते. मंग माहं माहेर कुठं राहीन? भिलाईले आली त हॉटेलात उतरू का मी?" ती हसत बोलली, मीही हसले. भाऊजी नळाला पाइप लावत होते. ते काही हसले नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी इथल्याच रुआबांध्याला दोन खोल्यांचं घर पाहिलं. मागे जरा जागा, पुढे ओटा. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी कर्ज काढायचं ठरवलं. "आपल्याले कोन नाही म्हनते, वहिनी! पुऱ्या भिलाईचं कर्ज आपल्या सहीवर चालून राहिलं." घराएवढं कर्ज सोसायटी देत नाही म्हणून बँक, आणि तिथला फॉर्म इंग्रजीत असतो म्हणून मला बरोबर घेतलं. नवा शर्ट, केसांना तेल, आणि खिशात प्लास्टिकच्या डबीत साबणाची वडी. बँकेत साबण असेल-नसेल, काय नेम!

मॅनेजर तरुण होता, हिंदी बोलणारा, बोलायला गोड. त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं, कपाळावर आठी घातली आणि म्हणाला, "कापगते जी, आपका रिकॉर्ड सही नहीं है।"

भाऊजी ताडकन उठले. "अरे! रह गई क्या?" आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, सही नाही म्हनते हा. कुठं सुटली?" मी तोंड उघडेपर्यंत ते डबी घेऊन बेसिन शोधायला निघूनही गेले.

तीस वर्षं हा माणूस हिंदीत बोलतो, हिंदीत भांडतो. पण 'सही' हा शब्द कानावर पडला की त्यांच्या डोक्यातली हिंदी बंद पडते. मॅनेजर गोंधळला. "सर कहाँ गए?" मी म्हटलं, "हाथ धोने गए हैं। मराठी में सही मतलब दस्तखत।" बिचारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग भाऊजी ओले हात झटकत, पेन उघडून हजर झाले आणि त्याचं हसू आपोआप मावळलं. त्याने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "सर, आपका सिबिल स्कोर पाँच सौ चालीस है।"

"कितने में से?"

"नौ सौ में से।"

भाऊजींनी बोटांवर हिशेब केला आणि चेहरा फुलला. "साठ टक्के! वहिनी, फर्स्ट क्लास आहे की!"

मी शाळेतली बाई, नापास पोरांना रोज नापास सांगते. पण त्या दिवशी माझी जीभ रेटेना. या परीक्षेत सातशेच्या आत सगळे नापास, हे अखेर मॅनेजरनेच सांगितलं. कारणही सांगितलं. घनश्याम साहू नावाच्या शिफ्टमधल्या जोडीदाराने बँकेतून ऑटोसाठी कर्ज काढलं होतं, त्यावर भाऊजी जामीनदार होते. साहू नोकरी सोडून जवळच्या उतई गावी गेला, ऑटो विकली, हप्ते थांबले. स्वतः कधी एक रुपया उधार न घेतलेला माणूस बँकेच्या यादीत कर्जबुडव्या ठरला होता.

परतताना स्कूटरवर ते एकच वाक्य बोलले, "साहूले अडचन असन."

मला मात्र राग आवरेना. रविवारी मी आमच्या ह्यांना त्यांच्याबरोबर उतईला पाठवलं. साहूला चार शब्द सुनवा, पैसे भरायची तारीख घेऊन या, अशी ताकीदच दिली. दोघे संध्याकाळी परतले ते पिशवीभर वांगी घेऊन. "काय झालं?" मी विचारलं. ह्यांनी नजर चुकवली. साहूच्या बायकोने चहा केला, साहू रडला, निम्मे पैसे देतो म्हणाला. आणि निघताना त्याच्या पंपाच्या मीटरच्या अर्जावर एक साक्षीदार कमी पडत होता.

"केली तुमी सही?" मी ओरडलेच.

"हात धुवून केली," भाऊजी म्हणाले.

पण साहूने शब्द पाळला. निम्मे त्याने दिले, निम्मे भाऊजींनी स्वतःच्या फंडातून काढले. थोडेफार घेऊन मिटवायला बँक तयार होती, पण मॅनेजरने बजावलं होतं की पुरे भरा, नाहीतर डाग राहील. म्हणून पै अन् पै भरली आणि नो ड्यूजचा कागद घेतला. मग वाट पाहणं; घराचा मालकही थांबायला तयार झाला. दर महिन्याला भाऊजी मला मोबाइलवर स्कोअर पाहायला लावायचे, आणि तो दहा-वीसने चढला की पेढे. पाचशे नव्वदला पेढे, सहाशे तीसला पेढे. ह्यांची शुगर वाढली, पण स्कोअरही वाढला. अखेर मॅनेजरने फोन केला, "हो जाएगा सर। बस, रिकॉर्ड पुराना है, तो एक गारंटर ले आइए।"

मी सुटकेचा श्वास सोडला. कापगत्यांना जामीनदार? रांग लागेल!

तीन आठवडे गेले. भाऊजी स्कोअर विचारीनात, पेढे बंद, घराचं नावही काढीनात. घराच्या मालकाचा माणूस दोनदा येऊन गेला, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाला. एका रविवारी दुपारी मीच त्यांच्याकडे गेले. फॉर्म देवाच्या फोटोपुढे ठेवलेला, त्यावर कुंकू, आणि जामीनदाराची चौकट कोरी.

"कोनाले विचारलं, भाऊजी?"

"कोनालेच नाही."

"कावून? भिलाईत अर्धी मानसं तुमच्या सहीची आहेत!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिनी, मानूस दारात येते ना सही मांगाले, तवा त्याची नजर खाली रायते. बोलते पावसापान्याचं, पोराबाळाचं, अन् मधूनच थांबते. मले ते नाही पाहवत. म्हनून तो बोलाच्या आंधीच मी हात धुवाले जातो." मग फॉर्मकडे पाहून म्हणाले, "आता मले जा लागते त पायच उचलत नाही. समजा तो नाही म्हनला, त मंग रोज शिफ्टमंदी तोंड चुकवन. त्याले कितीक जड जाईन."

इतकी वर्षं मी या माणसाला भोळसट समजत होते. लोक वापरून घेतात आणि यांना कळत नाही, असं मीच दहा ठिकाणी बोलले होते. मला माझीच लाज वाटली. फ्रिजच्या वेळी आमचे हे त्यांच्या दारात पावसापाण्याचं काय काय बोलले असतील, ते एकाएकी माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी फॉर्म ओढला. "नोकरी मलेही आहे. आना तो पेन."

"वहिनी, घरी विचारून घ्या."

"त्यांचीच चूक आहे, जामीन व्हाले आपनच पुढं नाही आले, तीन आठवडे गप बसले."

"वाचून त घ्या!" ते घाईने म्हणाले. मी वाचत नाही असं पाहून फॉर्म काढून घेतला आणि स्वतःच मोठ्याने वाचू लागले. अडखळत, एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवत. जामीनदाराने काय काय भोगायचं ते सगळं. कर्ज बुडालं तर काय, त्या कलमापाशी आले तेव्हा फॉर्म माझ्यापुढे धरला. "हे पाहा, इथं लिहून आहे. मी नाही भरलं त तुमचा पगार कापतीन. पाहून घ्या बरं."

मी सही केली. चौकटीत मावेल एवढी.

त्या सहीवर पुढल्या महिन्यात कर्ज मंजूर झालं. सुषमाचं माहेर आता रुआबांध्याला आहे, आणि ती आली की तिथल्या ओट्यावर पोरं घेऊन ऐसपैस बसते. पण त्या दुपारी भाऊजींनी फॉर्म घडी करून ठेवला आणि चहा मांडतो म्हणून आत गेले. बराच वेळ झाला. दूध उतू गेल्याचा वास आला, गॅस बंद केल्याचा आवाज आला, तरी बाहेर येईनात. मी हाक मारली तर आतूनच, घोगऱ्या आवाजात विचारलं,

"वहिनी, साखर किती टाकू?"

मी बिनसाखरेचा चहा पिते, हे त्यांना बारा वर्षांपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, "टाका दोन चमचे. घाई नाही."