अर्जाला टाचलेली श्रीलंका

"लिहा, श्रीलंका," म्हणत पंचशीलाबाईंनी पिशवीतून टिपणाचा कागद काढला आणि सातवीच्या वर्गाला वाचून दाखवू लागल्या, "लोकसंख्या नऊशे बारा. विहिरी चार, चारही कोरड्या. हातपंप एक, दांडा मोडलेला..."

पोरांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. बाई मात्र वाचता वाचता थांबल्या. चाकूरजवळच्या त्यांच्या वाडीची ही माहिती टँकरच्या अर्जासोबत लातूरला जायची होती. ती इथं हातात होती. म्हणजे अर्जाला टाचून गेली ती श्रीलंका!

लातूर जिल्हा नवा होऊन दोन वर्षं झाली होती, आणि पाऊस रुसूनही तेवढीच. बायका दीड कोसावरच्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. बाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीत बसल्या.

कचेरीतले मडिवाळप्पा कारकून त्यांना बघून खूश झाले. "लई झ्याक लिवलंय, बाई! वर्षातून दोनदा पाऊस, मधोमध डोंगर, बारमाही नद्या, चारी बाजूंनी समुद्र!"

"अहो, ते श्रीलंकेचं हाय! समुद्र वाचूनबी कळलं न्हाई?"

"नवा जिल्हा हाय. अर्धी गावं मीच अजून बघितली न्हाईत. तळ्याला समुद्र म्हणत असतील म्हणलं."

"मग हा खरा कागद लावा."

"आता कुठं? सायबांची सही झाली. परवा टँकर तुमच्या गावात येतोय."

टँकर येणार! मडिवाळप्पा पुढं आणखी काही सांगत होते, पण बाईंना परतीची गाडी गाठायची होती.

गुरुवारी उजाडल्यापासून घागरींची रांग लागली. टँकर आला. ड्रायव्हर नरसिंग खाली उतरला, त्यानं पाइप सोडला आणि विचारलं, "नदी कुठं हाय? भरून मुरुडकडच्या एका वाडीला न्यायचंय."

बाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. नरसिंग पाइप गुंडाळू लागला. "मग रिकामाच जातो."

सत्तरीच्या धुरपताबाई गुडघ्यावर हात टेकत चाकापुढं धुळीत बसल्या. "जा की. माझ्यावरनं जा."

एकेक करत तीस बाया बसल्या. नरसिंगनं दोन बिड्या ओढल्या, देवाला हात जोडले, शिव्याही दिल्या. दुपारी तो धुरपताबाईंना शेजारी बसवून निघाला आणि दिवस मावळायच्या आत कुठल्याशा सरकारी विहिरीवरून भरून आला. घरटी दोन घागरी मिळाल्या. मुरुडकडच्या त्या वाडीतही आज अशीच रांग लागली असेल, हे बाईंच्या मनात आलं आणि हातातला तांब्या त्यांनी तसाच खाली ठेवला.

चार दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. तहानलेल्या गावाला पाणी दिल्याबद्दल वाडीचे आभार मानले होते, आणि यापुढं दर गुरुवारी टँकर भरून द्यावा, अशी विनंती केली होती.

बाई लगेच उत्तर लिहायला बसल्या.

"काय लिवायलीस?" धुरपताबाईंनी विचारलं.

"चूक दुरुस्त करते, काकू."

"खरं लिवलंस तर गुरुवारी काय येईल?"

मुलांची वेलांटी चुकली तरी गुण कापणाऱ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं.

गुरुवारी टँकर थांबायच्या आधीच चाकापुढं जाऊन बसल्या त्या पंचशीलाबाई.