चिकाची किटली

फ्रिजमधल्या किटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती : "हात लावू नये." सुलक्षणाने ती वाचली आणि ती आपल्यासाठी नाही, हे तिने ताबडतोब ओळखलं. मरोळच्या त्या घरात असल्या चिठ्ठ्या लागायच्या त्या फक्त लवूसाठी. तिच्या या नवऱ्याला मधुमेह होता आणि येता-जाता फ्रिज उघडायची खोडही होती.

झाकण काढलं तर आत चीक! म्हशीचा, पिवळसर, दाट, पहिल्या दिवसाचा. सुलक्षणाचे डोळेच भरून आले. श्रुतिका पवईच्या लॅबमध्ये कसलंसं संशोधन करायची आणि घरी जेमतेम झोपायला यायची. पण आईला खरवस आवडतो, हे पोरीने लक्षात ठेवलं होतं.

तासाभरात गूळ विरघळला, वेलची-जायफळ पडलं, खरवस वाफेवर थरथरला. आणि खरवस म्हटला की तो वाटायचा असतो. पहिलं ताट गेलं चौथ्या मजल्यावरच्या मार्तंडकाकांकडे. गुडघ्यामुळे काका चार महिने जिना उतरले नव्हते. "काकांच्याच हातात दे हं," असं सुलक्षणाने त्यांच्या सुनेला, मानसीला, दोनदा बजावलं.

भल्या सकाळी लॅबमध्ये तयारी करायला गेलेली श्रुतिका दहा वाजता परत आली.

"आई, किटली कुठेय?"

"धुऊन उपडी घातलीय. बस, वडी देते."

श्रुतिकाने वडीकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

"आई, वाट लागली माझी! अगं, पेशी एकमेकींना बारीक बारीक डबे पाठवतात. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. आत निरोप, सामान, काय काय. चिकात ते ठासून भरलेले असतात. ते वेगळे काढून सुजलेल्या सांध्यांवर औषध म्हणून चालतात का, ते बघायचंय मला. उंदरांच्या."

"उंदरांचे गुडघे दुखतात?" लवूने विचारलं.

"बाबा, तुम्ही गप्प बसा ना!"

"पण मग ते डबे खरवसात असतीलच की," सुलक्षणा चाचरत म्हणाली.

"उकडलंस तू त्यांना!"

तीन आठवडे ताटकळल्यावर श्रुतिकाला हे डबे वेगळे काढायचं लॅबमधलं मशीन आज दुपारी दोनला मिळणार होतं. सोमवारी तिच्या गाईड क्षमा मॅडमना ते डबे दाखवता आले नाहीत, तर उंदरांचा प्रयोग लॅबमधल्या निहारकडे जाणार होता. तिने तबेल्यात, चीक देणाऱ्या खंडूमामाला फोन लावला.

"आज पण एक म्हैस व्यायलीय," खंडू म्हणाला. "पण तो चीक वाटायचाय. तुला नाय देणार."

"का पण?"

"ते तुला कळायला पाहिजे." फोन बंद.

श्रुतिका रडायच्या बेताला आली. सुलक्षणाने खंडूची किटली सुलटी केली आणि उरलेल्या वड्या तीत भरल्या.

"आई, त्याचा तबेला आहे! त्याला कसलं आलंय खरवसाचं कौतुक?"

"असू दे. रिकामी किटली घेऊन माणसाने दारात कसं उभं राहायचं? अहो, जाऊन देऊन या."

लवू निघाला. आपल्या तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत जो भेटेल त्याला तो सांगत गेला, "खरवस खाल्लात ना? साधा नव्हता तो. पवईचं औषध आहे, गुडघ्यांवरचं." उंदीर आणि उकडणं एवढे दोन तपशील त्याने गाळले.

लवूचं बोलणं एरवी कोणी मनावर घेतलं नसतं. पण साडेअकराला मार्तंडकाका एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात झाकलेलं ताट घेऊन पायरी-पायरीने खाली आले. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलाने ते जिन्यातून पाहिलं आणि ती ओरडली, "काका उतरले!"

पाच मिनिटांत सुलक्षणाची बाहेरची खोली भरली. काका बिचारे कोपऱ्यातल्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन बसले. नीला रिकामी वाटी घेऊन आली, तर तळमजल्यावरची शर्मिष्ठा सासूचा एक्स-रे घेऊन.

"श्रुतिका, मी अर्धीच वडी खाल्ली गं," नीला म्हणाली. "डावा गुडघा एकदम झकास. उजव्याचं काय करू?"

"मावशी, त्यात आता काही नाहीये. आईने ते उकडलंय."

"मग कच्चं दे ना!"

"जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" शर्मिष्ठाने विचारलं.

एक वाजता दारात खंडू उभा राहिला. मागे लवू. खंडूच्या हातात तीच किटली, काठोकाठ.

"दोन वर्षं ही श्रुतिकाताई चीक नेते," तो सुलक्षणाला म्हणाला, "आणि किटली परत येते ती ठणठणीत कोरडी. आमच्यात दुभत्याचं भांडं असं परत करत नाहीत. आज पहिल्यांदा भरून आली."

"मामा, मग सांगायचं ना तुम्ही!"

"हे काय सांगायचं असतं?"

तेवढ्यात नीलाची वाटी पुढे सरकली. सुलक्षणा कंबर खोचून मध्ये उभी राहिली. "एक थेंब मिळायचा नाही! हे उंदरांचं आहे."

खोली झपाट्याने रिकामी झाली. श्रुतिका किटली छातीशी धरून रिक्षाकडे धावली.

राहिले मार्तंडकाका.

"काका, खरंच गुण आला?" सुलक्षणाने हळूच विचारलं.

"कसला गुण? मला गोड बंद आहे. वडी मानसीने खाल्ली. गुडघा नुसता ठणकतोय."

"मग उतरलात कशाला?"

काकांनी ताटावरचा रुमाल काढला. कोथिंबीर वड्या होत्या. "ताट परत द्यायचं होतं ना. मानसी म्हणाली, मी देते. म्हटलं, इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्या हातात द्यायला सांगितलंय, तर मीच जाणार."

लवूने तेवढ्यात दोन वड्या उचलल्या होत्या. सुलक्षणाने पानं घ्यायला सुरुवात केली.

अडीचला श्रुतिकाचा मेसेज आला : "मशीन सुरू झालं! मॅडमना काकांचं सांगितलं. त्या विचारतायत, किती वड्या खाल्ल्या?"

सुलक्षणाने चष्मा लावून एका बोटाने उत्तर टाइप केलं, "एकही नाही. काका जेवायला थांबलेत. येताना किटली आण, रिकामी पाठवायची नाहीये."