लोड द्या, लोड!

"सर, तुम्ही बिनधास्त लग्नाला जा! एक रविवार काय, मी महिनाभर सांभाळीन हा सेल!" असं क्रांतीने उदयसिंह सरांना ठणकावून सांगितलं आणि सर साताऱ्याला गेले.

महाप्याच्या एका गाळ्यात सरांची दोन माणसांची छोटीशी कंपनी होती आणि कंपनीचा जीव एका फ्युएल सेलमध्ये. एकीकडून हायड्रोजन आत, दुसरीकडून वीज बाहेर, मधे तापलेलं फॉस्फरिक आम्ल. सोमवारी पुण्याचे पाहुणे येणार होते. सेल झिजत नाही हे त्यांना आलेखावर दिसलं तरच ऑर्डर!

पण सेलचा स्वभाव भारी विचित्र. कामात असला की गुणी बाळ. रिकामा बसला की व्होल्टेज चढतं आणि आतला कार्बन आम्लात झिजायला लागतो. त्या कार्बनवरच वीज घडवणारे प्लॅटिनमचे कण बसलेले. जमीनच खचली तर घरं कशी उभी राहणार! म्हणून सेलची वीज सतत खर्ची पडावी लागे. त्यासाठी कोपऱ्यात हीटरच्या कॉइलींचं एक कपाट कायम लालभडक तापत असे.

दुपारी क्रांती खाली राजाबाईंच्या कँटीनमध्ये वडा खायला गेली. परत येते तो वॉचमन आप्पा दारात छाती फुगवून उभे!

"मॅडम, आत कुणी नाही आणि हीटर चालू! बंद केला. तरी धगधगतच होता, म्हणून बादलीभर पाणी मारलं."

"आप्पाऽऽ!"

कपाटातून वाफा निघत होत्या. तिने स्विच दाबला. फट्! फ्यूज उडाला, आणि गौरी-गणपतीला फुलांचा भाव चढावा तसं व्होल्टेज चढायला लागलं.

"मग ते यंत्रपण बंद करा की," आप्पा म्हणाले.

"नुसतं बंद करून चालत नाही हो! आधी नायट्रोजन सोडून आतला गॅस हाकलावा लागतो, आणि नायट्रोजनची गाडी उद्या येणार! आप्पा, लोड पाहिजे! वीज खाणारं काहीही आणा!"

जन्मभर लोकांचे दिवे बंद करत आलेल्या माणसाला घेरीच यायची बाकी होती. तरी ते टेबल फॅन घेऊन आले. मीटरचा काटा ढिम्म! किटली लावली, तो जेमतेम हलला. क्रांती तशीच खाली धावली.

"राजाबाई, मिक्सर द्या! इस्त्री आहे? गिझर?"

"काय गो, लगीन ठरलं का तुजं?"

"लग्न कसलं! सेल मरतोय माझा! वीज संपवायचीय, फुकट!"

'फुकट' हा शब्द राजाबाईंनी ऐकला म्हणजे अख्ख्या इमारतीने ऐकला! वरच्या शिवणकामाच्या गाळ्यातल्या बायका इस्त्र्या घेऊन उतरल्या. एकीने हेअर ड्रायरही आणला. "मंग मी उद्याचं इडलीचं पीठच वाटून घेते," म्हणत राजाबाईंनी मिक्सर मांडला.

व्होल्टेज उतरलं. क्रांतीने श्वास सोडला. पण ते उतरतच राहिलं! लोड इतका वाढला की सेलला हायड्रोजन पुरेना, आणि उपाशी सेल तर स्वतःचाच कार्बन खातो!

"बंद करा!" ती किंचाळली. घाबरून सगळ्यांनी एकदम बंद केलं. काटा वर!

"चालू करा!" सगळं एकदम चालू. काटा खाली!

"काय ते एकदाचं ठरव गो!" राजाबाई खेकसल्या.

शेवटी क्रांती स्टुलावर चढली. डोळे मीटरवर, हात हवेत. "निळी साडी, इस्त्री चालू! मिक्सर, थांबा! आप्पा, किटली! अहो, किटली!" बायकांच्या इस्त्र्या होऊन गेल्या, मग आप्पांचा गणवेश झाला, मग पडदे! हेअर ड्रायरने कपाट वाळवलं, तेवढाच लोड. दिवेलागणीला नवा फ्यूज बसला, कॉइली लाल झाल्या आणि क्रांती स्टुलावरच मटकन बसली.

सोमवारी सरांनी पाहुण्यांना आलेख दाखवला. तासातासाच्या सरासरीची रेघ, फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ! पाहुणे खूश.

"बघा, काल दिवसभर इथे काही म्हणजे काही घडलेलं नाही!" सर म्हणाले आणि क्रांतीकडे वळले. "मजा आहे बुवा तुझी! आता रविवारची बदली सुट्टी तेवढी मागू नकोस हं!"

क्रांतीने तोंड उघडलं. पण कालच्या ओरडण्याने घसा असा बसला होता की नुसतीच हवा बाहेर आली.

"अगं, त्यात लाजतेस काय!" सर म्हणाले.